पाण्यानं काढलेलं झाड

पुण्याच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी मटार सोलत होते. एरवी ते आधी तब्येत विचारतात, मग दिल्लीची थंडी, मग दिल्लीची हवा, आणि सगळ्यात शेवटी कामाचं. त्या दिवशी त्यांनी हे सगळं वगळलं.

"मॅडम, पुस्तक उत्तम झालंय. फक्त पहिल्या प्रकरणातल्या त्या प्रसंगाला मूळ संदर्भ नाही. तुम्ही तीन पुस्तकांची नावं दिलीत, पण ती तिन्ही एकमेकांचाच हवाला देतात. चित्रकारांनी ही गोष्ट पहिल्यांदा कुठं सांगितली तेवढं शोधा. मिळालं की लगेच छापायला घेतो."

मला रागच आला. पाच वर्षं या माणसाच्या चित्रांवर काम केलं, सरकारी भाषांतर विभागातली नोकरी मुदतीआधी सोडून केलं, आणि हे म्हणे संदर्भ नाही. ती गोष्ट तर जगाला पाठ आहे! पण संपादक संदर्भाशिवाय छापणार नव्हते, आणि त्या प्रकरणाशिवाय माझं पुस्तक उभं राहणार नव्हतं. मटार तसेच ठेवले आणि दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात जायचं ठरवलं.

चित्रकाराचं नाव मी इथं देत नाही. का देत नाही ते पुढं कळेलच. मोठा माणूस, आता हयात नाही. त्यांची चित्रं परदेशातल्या संग्रहालयांत आहेत, आणि त्यांच्यावर लिहिणारा प्रत्येक जण सुरुवात एकाच गोष्टीनं करतो. खेड्यातली शाळा. मधल्या सुट्टीत एक मुलगा पाणी पितो. तळव्यात थोडं पाणी उरतं, त्यात बोट बुडवून तो व्हरांड्याच्या तापलेल्या फरशीवर झाड काढायला लागतो. शेंडा काढून होईपर्यंत बुंधा वाळून जातो. बुंधा पुन्हा काढावा, तर तोवर शेंडा गेलेला. मागं मास्तर येऊन उभे राहतात. मुलगा घाबरतो. मास्तर म्हणतात, "वाळू दे. तू काढत राहा."

एवढीच गोष्ट. पण त्यांच्या चित्रांतल्या अर्धवट रेषा, मधेच पुसट होत जाणारे आकार, सगळ्याचं मूळ समीक्षकांना त्या फरशीवर सापडलं. मलाही सापडलं. माझं पहिलं प्रकरण त्याच फरशीवर बेतलेलं होतं.

मी ही गोष्ट पुस्तकांत वाचली ती फार नंतर. त्याआधी ती बाबांकडून ऐकली. आम्ही तेव्हा सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. झोपताना इतर मुलांना राजा-राणी मिळायची, मला हा चित्रकार मिळायचा. बाबा यवतमाळकडच्या एका खेड्यातून दिल्लीच्या एका मंत्रालयात कारकून म्हणून आले आणि तिथूनच अधिकारी होऊन निवृत्त झाले. आता ते माझ्याकडे मयूर विहारला असतात. सकाळी लाल पेन्सिल घेऊन हिंदी पेपर वाचतात, म्हणजे त्यातल्या चुका दुरुस्त करतात. पेपरवाल्यांना त्याचा पत्ता नाही, पण बाबांचं काम नियमित चालू आहे.

चित्रकार गेल्यानंतर दिल्लीत त्यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. बाबांना मी हट्टानं नेलं. दारातच एका भिंतीवर मास्तरांचं ते वाक्य इंग्रजीत, हातभर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. बाहेर दुकानात तेच वाक्य छापलेले कप आणि पिशव्या विकायला होत्या. बाबा त्या भिंतीसमोर इतका वेळ उभे राहिले की मागच्या लोकांचा खोळंबा झाला. शेवटी म्हणाले, "भाषांतर ठीक आहे." मला वाटलं, म्हातारपणी डोळे भरून आले असतील. मी त्यांना पिशवी घेऊन दिली. ते तीतून भाजी आणतात.

ग्रंथालय मंडी हाउसच्या बाजूला आहे. तिथल्या ग्रंथपाल बाई मला ओळखतात, तरी दर वेळी नियम ऐकवतातच. "मैडम, बैग लॉकर में. पेन नहीं, पेंसिल. और पानी की बोतल बाहर." बाटली बाहेर ठेवली, पेन्सिल घेतली आणि बांधीव मासिकांचे गठ्ठे मागवले.

माझा हिशेब सरळ होता. चित्रकारांच्या सुरुवातीच्या मुलाखती काढायच्या, त्यांपैकी एकीत ही गोष्ट असणारच, तिचा पान क्रमांक लिहायचा आणि संध्याकाळच्या आत घरी. पहिली मुलाखत वाचली, नव्हती. दुसरीतही नव्हती. तिसरीत चित्रकार स्वतःच्या बालपणाबद्दल भरभरून बोलले होते. वडील नावाजलेले वकील, घरी गडीमाणसं, बागेत पिंजऱ्यात मोर. आणि मग एक वाक्य असं की मी ते पेन्सिल टेकवून टेकवून वाचलं. शहरातल्या कॉलेजात जाईपर्यंत ते कुठल्याच शाळेत गेले नव्हते. मास्तर घरी येत असत.

खेड्यातली शाळा नाही, तर व्हरांडा कुठला आणि फरशी कुठली?

मनाला म्हटलं, माणूस विसरतो, मुलाखत घेणारा चुकतो. पुढचे खंड चाळत गेले. एका इंग्रजी साप्ताहिकात कलासमीक्षकाचा लेख सापडला आणि त्यात ती गोष्ट होती, अगदी शब्दाला शब्द. पण तिथंही चित्रकारांनी सांगितली असं नव्हतं. राजधानीतल्या मराठी मंडळींत सांगितली जाणारी एक आठवण, असं मोघम काहीतरी लिहून समीक्षक मोकळे झाले होते. त्यानंतरच्या मुलाखतींत मात्र चमत्कारच. आता चित्रकार स्वतः ती गोष्ट सांगू लागले होते! "मी लहान असताना शाळेत," असं म्हणून. एका मुलाखतीत झाड आंब्याचं झालं. पुढच्या एकीत मास्तरांना पांढरी दाढी आली. शाळेत कधी न गेलेला माणूस शाळेतल्या दाढीचं वर्णन करत होता.

एवढा मोठा माणूस आणि एवढी धडधडीत थाप! मी इतकी चक्रावले की "बाप रे!" असं मोठ्यानं म्हणाले. शेजारच्या टेबलावरची संशोधक मुलगी दचकली. ग्रंथपाल बाई उठून आल्या. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांना त्याचं फारसं काही वाटलं नाही. "आर्टिस्ट लोग हैं मैडम, बोल देते हैं," म्हणाल्या आणि विचारलं, "कटिंग की फाइल देखी आपने?"

कात्रणांची फाइल मी पूर्वी पाहिली होती, पण फक्त इंग्रजी. या वेळी त्यांनी आतलं एक पाकीट काढून दिलं. वर पेन्सिलीनं लिहिलेलं होतं: हिंदी, किरकोळ. आत सिनेमाच्या पानांवरची दोनचार कात्रणं होती आणि त्यांच्यात घडी घातलेलं एक पिवळं पान. लिपी देवनागरी म्हणून कुणीतरी ते हिंदीत टाकून दिलं होतं. ते मराठी होतं.

पानावर वर कुणाच्या तरी काश्मीर सहलीच्या लेखाचा शेवट, उजवीकडे पहाडगंजमधल्या एका लॉजची जाहिरात आणि बाजूला चकली-चिवड्याची. त्या लॉजच्या जाहिरातीतला हात जोडलेला माणूस मी लगेच ओळखला. आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी स्मरणिकेत तो दर वर्षी हात जोडायचा. आणि पानाच्या तळाशी, चौकटीत, चित्रकारांच्या नावानं, ती गोष्ट. पानावरचं साल समीक्षकाच्या लेखाच्या आधीचं होतं.

चौकटीखाली लेखकाचं नाव नव्हतं. फक्त एक शब्द होता: संकलित.

आता हे सांगायला हवं की त्या स्मरणिकेचे संपादक, मुद्रितशोधक आणि हमाल, सगळं काही बाबाच होते. अक्षर चांगलं आणि शुद्धलेखन पक्कं म्हणून मंडळानं ते काम त्यांच्या गळ्यात मारलं होतं. लेख मधेच संपला किंवा जाहिरात आलीच नाही की पान उघडं पडायचं. मग ती जागा झाकायला पानपूरक लागायचं. एखादा विनोद, एखादं सुवचन, थोरामोठ्यांची आठवण. बाबा ते प्रेसमध्ये उभ्या उभ्या लिहायचे आणि खाली "संकलित" असं टाकायचे. आई चिडवायची, "कुठून संकलित केलंत हो? खिशातून?" आमच्या घरात बनवलेल्या गोष्टीला संकलितच म्हणायची पद्धत पडली होती. मी अभ्यास झाला म्हणून खोटं सांगितलं की आई म्हणायची, संकलित दिसतोय.

म्हणजे जगभरातल्या पुस्तकांत गेलेली, संग्रहालयाच्या भिंतीवर चढलेली, माझ्या पाच वर्षांचा पाया असलेली ती गोष्ट हे माझ्या बापाचं पानपूरक होतं. मी खुर्चीत बसून राहिले. हसावं की रडावं कळेना, आणि संताप असा आला की बाबा समोर असते तर वयाचा मुलाहिजा राहिला नसता.

मग मी ती चौकट पुन्हा वाचली. बापाचं मराठी म्हणून नव्हे, नक्कल करून घ्यायची म्हणून, शब्दन्‌शब्द. आणि दुसऱ्याच ओळीत थांबले. इंग्रजीत मुलगा नुसता पाणी पितो. झोपताना बाबाही तेवढंच सांगायचे. इथं लिहिलं होतं, "वरून घातलेलं पाणी ओंजळीत घेऊन तो प्यायला."

वरून घातलेलं.

वकिलाच्या मुलाला, ज्याच्या बागेत मोर आहेत, त्याला कोण वरून पाणी घालतं? तो भांडं उचलून पितो. वरून पाणी कुणाला घालतात, भांड्याला हात लागू नये म्हणून कुणापुढं लांबूनच धार धरतात, हे आमच्या घरात कुणी कुणाला शिकवावं लागत नाही. आजीनं आमच्या देखत आयुष्यभर तांब्याला तोंड लावून, भरपूर आवाज करत पाणी प्यायलं. का, ते आम्ही विचारलं नाही. माहीतच होतं.

त्या चौकटीतला मुलगा चित्रकार नव्हताच. तो मुलगा घरी बाल्कनीत बसून हिंदी पेपर तपासत होता.

मेट्रोत मी काय काय ठरवत होते ते आता आठवत नाही. घरी पोचले तेव्हा बाल्कनीत ऊन होतं आणि बाबा त्यात खुर्ची सरकवत सरकवत बसलेले होते. मी पर्ससुद्धा ठेवली नाही. पानाची नक्कल त्यांच्या पेपरावर ठेवली.

त्यांनी चष्मा वर केला, पान पाहिलं. "अच्छा," ते म्हणाले. "सापडलं. ठेवलं होतं म्हणजे कुणीतरी."

"बाबा, हे तुम्ही लिहिलंत?"

"जागा उरली होती. एका बँकेची जाहिरात येणार होती, आली नाही. प्रेसवाला डोक्यावर उभा, 'बाबूजी, पन्ना खाली जाएगा क्या?' रिकामं पान मला बघवत नाही, तुला ठाऊक आहे."

"म्हणून स्वतःचं बालपण दुसऱ्याला देऊन टाकायचं?"

"देऊन कुठं टाकलं? वापरायला दिलं होतं. त्यांनी परत केलं नाही."

त्यांना हसू येत होतं आणि माझा आवाज चढत होता. मी म्हटलं, माझी पाच वर्षं यात गेली. त्या एका प्रसंगावर मी पुस्तक उभं केलं. तुम्ही माझं प्रत्येक प्रकरण वाचलंत, त्यातल्या वेलांट्या दुरुस्त केल्यात, आणि एका शब्दानं बोलला नाहीत?

"पुस्तक चांगलं आहे," ते म्हणाले. "तो माणूस रंगांचा राजा होता, त्यात खोटं काय आहे? झाडाला मात्र त्यानं आंबे लावले. मी नुसतं झाड म्हटलं होतं."

"मग स्वतःचं नाव का नाही घातलंत?"

आता त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "कुणाचं? माझं? बेटा, मंडळातली माणसं चांगली होती. माझ्या घरी जेवायची, मी त्यांच्या घरी जेवायचो. पण दिवाळीच्या अंकात, चकली-चिवड्याच्या जाहिरातीशेजारी, माझी तहान कोण वाचणार? मोठ्या माणसाचं नाव घातलं तर वाचतील असं वाटलं. वाचलं की सगळ्यांनी. इंग्रजीतसुद्धा वाचलं."

"मला तरी सांगायचं होतं."

"तुला तर रोज सांगत होतो," बाबा म्हणाले.

मी खाली फरशीवर बसले. फक्त काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "मास्तर चांगले होते ना पण? 'तू काढत राहा' म्हणाले."

बाबांनी खुर्ची उन्हात थोडी सरकवली. "मास्तर आले होते, ते खरं आहे. त्यांनी चपलेनं पुसलं. आपोआप वाळणारच होतं, पुसायची काही गरज नव्हती. बोलले काहीच नाहीत." मग म्हणाले, "ते वाक्य मी घातलं. कुणीतरी म्हणायला पाहिजे होतं."

ज्या वाक्याचे कप विकले जातात, जे वाक्य आम्ही दोघांनी भिंतीवर पाहिलं, ते कुणी कधी उच्चारलंच नव्हतं. प्रेसमध्ये उभ्या असलेल्या एका कारकुनानं, लहानपणच्या स्वतःला ऐकू जावं म्हणून ते लिहिलं होतं. मला रडू फुटलं. बाबा म्हणाले, "यार, तू आता पाच वर्षं वाया गेली म्हणून रडतेस की काय?" आणि मला सोलायला मटार दिले.

संपादकांना फोनवर सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, हे छापलं तर लोक आपल्याला फाडून खातील." मग स्वतःच म्हणाले, "आणि नाही छापलं तर मला झोप लागणार नाही. वडिलांची संमती आहे का?"

संमती नव्हती. बाबांचं म्हणणं, ते प्रकरणच काढून टाक, चित्रांबद्दल लिही. मी म्हटलं, काढून टाकलं तर गोष्ट त्यांच्या नावावर राहील, कायमची. ते म्हणाले, राहू दे, सवय झाली आहे तिला. आम्ही त्यावरून जेवणाच्या टेबलावर भांडलो, मेट्रोत भांडलो, भाजीवाल्यासमोर भांडलो. शेवटी ते एवढ्यावर आले: लिही, पण माझं नाव नको. खाली संकलित घाल.

मी पहिलं प्रकरण नव्यानं लिहिलं. ग्रंथालय, मुलाखती, पिवळं पान, वरून घातलेलं पाणी, चप्पल. शेवटी त्यांच्या अटीप्रमाणे संकलित. छापून काढलेली पानं बाबांकडे तपासायला दिली. एरवी ते एका बैठकीत तपासून टाकतात. या वेळी पानं त्यांच्या उशाशी पडून राहिली. मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी ती तशीच परत दिली असती.

मग एका सकाळी ती माझ्या टेबलावर आली. मी शेवटचं पान आधी उलटलं. संकलित हा शब्द खोडलेला होता. त्याच्या जागी बाबांच्या वळणदार अक्षरात त्यांचं पूर्ण नाव होतं, मधे आजोबांच्या नावासकट, आणि पुढं गावाचं नाव. मी आनंदानं हाक मारणार, तेवढ्यात आधीच्या पानांवरच्या लाल खुणा दिसल्या. एवढ्या चुका मी करत नाही. पाहिलं तर सगळीकडे एकच शब्द खोडला होता. जिथं जिथं मी झाड लिहिलं होतं, तिथं तिथं झाड खोडून समासात दुसरा शब्द लिहिला होता.

रांजण.

शेंडा आणि बुंधा गेले होते, तिथं काठ आणि पोट आलं होतं. शीर्षकातलं झाडही खोडलेलं होतं. मी पानं घेऊन बाल्कनीत गेले.

"बाबा, हे काय? झाडाचं तर तुम्हीच लिहिलं होतं."

"ते पानपूरक होतं," ते पेपरावरून मान वर न करता म्हणाले. "आता माझं नाव आहे. आता बरोबर लिही."

"तुम्ही रांजण काढत होता?"

"शाळेचा रांजण. व्हरांड्याच्या कोपऱ्यात असायचा, समोरच." त्यांनी एका ओळीखाली लाल रेघ मारली. "त्याला हात लावू देत नव्हते. म्हणून काढून बघितला."